खिडकीपाशी निळी फुली

४ नोव्हेंबर, मंगळवार

काल चहाच्या वेळी मुलगा सगळ्यांदेखत म्हणाला, "आई, घराच्या वाटणीला तूच तर हो म्हणालीस." मी हो म्हटलेलं नाही. मी म्हटलं होतं, "बघू." बघू म्हणजे हो नव्हे, हे मी रेक्टर होते त्या वसतिगृहातल्या मुलींनासुद्धा कळायचं. पण घरात सगळी तोंडं एका बाजूला झाली की उरलेल्या एकीचं बोलणं हवेत जातं. म्हणून आजपासून लिहून ठेवणार. कोण काय म्हणालं, कोणी काय हलवलं, सगळं. नंतर तोंड फिरवायला जागा नको.

मूळ गोष्ट अशी. हा फ्लॅट सासऱ्यांनी ह्यांच्या आणि नणंदबाईंच्या नावावर अर्धा अर्धा ठेवला. नणंदबाई जन्मभर टेलिफोनच्या नोकरीत, दुसऱ्या शहरात. लग्न केलं नाही. इथली गळती आम्ही काढली, रंग आम्ही दिला, खाऱ्या वाऱ्यानं गंजलेले गज आम्ही बदलले. आता त्या निवृत्त होऊन दोन ट्रंका आणि एक कुंडी घेऊन आल्या आहेत आणि म्हणतात, माझा अर्धा भाग द्या. कायद्यानं आहे, घ्या. पण कुठला अर्धा?

फ्लॅट लांबट आहे. एका टोकाला समुद्र, दुसऱ्या टोकाला रस्ता, मध्ये स्वयंपाकघर आणि न्हाणीघरं. समुद्राकडे भिंतभर खिडकी आणि वारा. रस्त्याकडे समोर गॅरेज, म्हणजे दिवसभर ठोकाठोक, धूर आणि ग्रीसचा वास. समुद्र कोणाच्या वाट्याला हे ठरलं की मधे भिंत घालणार, तिला एक दार ठेवणार आणि दोन्ही घरं नव्यानं सजवणार.

मला स्वतःसाठी काही नको. ह्यांच्यासाठी हवं आहे. झटका येऊन गेल्यापासून ह्यांचा उजवा हात चालत नाही आणि शब्द सापडत नाहीत. एकच सहज येतं, "असू दे." चहा हवा का? असू दे. नको का? असू दे. अशा माणसाला दिवसभरात सुख ते काय, तर दुपारी जेवून खिडकीशी बसायचं आणि समुद्र बघायचा. मी रोज न चुकता बसवते. जहाजं दिसावीत म्हणून दुर्बीण आणून दिली आहे. हे सुख मी कोणाला हिसकावू देणार नाही.

७ नोव्हेंबर, शुक्रवार

मुलानं ठरवलेली इंटिरिअर डिझायनर आली. आखूड केस, खांद्याला झोळी. मला वाटलं झोळीतून नकाशे निघतील. निघाली चिकटपट्टीची भेंडोळी, एक निळं आणि एक पिवळं. निळं आमचं, पिवळं नणंदबाईंचं. तिची पद्धत अशी की आधी जमिनीवर पट्ट्या लावायच्या. पलंग इथे, कपाट इथे, टेबल इथे, सगळं खऱ्या मापाचं. मग महिना संपेपर्यंत त्या पट्ट्यांच्या हिशेबानं राहून बघायचं. नाही पटलं तर पट्टी उचलून दुसरीकडे लावायची. "कागदावर सगळे शहाणे असतात," ती म्हणाली. "भिंत उभी राहिल्यावर भांडण्यापेक्षा आत्ता भांडा." म्हटलं, बाई, त्याची चिंता करू नकोस.

मी तिचं नाव पट्टीवाली ठेवलं आहे.

माणूस जिथे रोज बसतो तिथे ती फुली मारते, पट्टीचे दोन तुकडे आडवे-उभे. घर फुल्यांभोवती बांधायचं असतं म्हणे. तिनं ह्यांच्यासमोर उकिडवं बसून विचारलं, "काका, तुमची फुली कुठे?" ह्यांनी डावा हात उचलला. पण शब्द सापडेपर्यंत माणसाला चारचौघांत ताटकळत ठेवणं मला क्रूरपणाचं वाटतं. मीच सांगितलं, खिडकीशी. फुली लागली. माझी कुठे म्हणून विचारलं. म्हटलं, मला बसायला वेळ असतो का?

जो तो पट्ट्या हलवत सुटेल तर हा खेळ संपायचा नाही. म्हणून मी नियम घातला. तीस तारखेला संध्याकाळी पाच वाजता पट्टी जिथे असेल तिथेच काम होईल, आणि ह्यांची फुली ज्या टोकाला असेल ते टोक आमचं. नंतर कोणी ब्र काढायचा नाही. मुलाकडून हो घेतलं. नणंदबाई म्हणाल्या, "रेक्टरीणबाई सांगतील तसं." त्यांचंही हो धरलं. हे म्हणाले, असू दे.

१० नोव्हेंबर, सोमवार

सकाळी बघते तर नणंदबाईंच्या पलंगाची पिवळी चौकट सरळ समुद्राच्या खिडकीशी. ह्यांची फुली त्या चौकटीत, उशीच्या जागी.

मी म्हटलं, "ताई, इथे हे बसतात."

"बाळ्या?" भाऊ साठीला आला तरी त्या त्याला बाळ्याच म्हणतात. "अगं, लहानपणी आम्ही वाळूत खेळायचो तेव्हा हा पाण्याकडे पाठ करून बसायचा. बंद पडलेल्या मोटारी बघत."

"लहानपणी अंगठाही चोखत असतील."

"तो पंचविशीपर्यंत चोखत होता. तुला ठाऊक असेलच."

त्या पातळीवर मी उतरत नाही. भांडी जरा जोरात घासली.

१२ नोव्हेंबर, बुधवार

दुपारची झोप काढून उठले तर ह्यांची फुली खिडकीपासून हातभर आत सरकलेली. आणि लावली कशी, तर वाकडी, सुरकुतलेली, डाव्या हातानं लावल्यासारखी. नणंदबाई डावखुऱ्या आहेत. कॉलेजात तर्कशास्त्रात मला पहिला वर्ग होता, पण हे ओळखायला तर्कशास्त्राची गरज नाही.

उचलून परत जागेवर लावली. त्यांना रंगेहाथ धरीन.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

ऊन लख्ख होतं. पाणी नुसतं चमचमत होतं, बघवत नाही इतकं सुंदर. ह्यांच्या दोन्ही डोळ्यांतून धारा लागल्या होत्या. मी पदरानं पुसल्या. माणूस बोलू शकत नसला तरी गहिवरतो. नणंदबाईंनी हे पाहायला हवं होतं. त्या मात्र रस्त्याकडच्या खोलीत ट्रंका उघडून बसल्या होत्या.

१७ नोव्हेंबर, सोमवार

आता हद्द झाली. फुली थेट कपाटापाशी, आणि ह्यांची चाकाची खुर्ची समुद्राकडे पाठ करून उभी. आजारी माणसाचं तोंड भिंतीकडे फिरवायचं, याला माणुसकी म्हणायची का? मी तशीच नणंदबाईंच्या पुढ्यात जाऊन उभी राहिले. त्या म्हणाल्या, मी हात लावलेला नाही. मी विचारलं, मग काय फुलीला पाय फुटले? त्या म्हणाल्या, "माझ्या पलंगाच्या पट्टीला फुटलेत, त्यांचं काय?"

लिहायचंच तर खरं लिहावं. त्यांची पट्टी मी हलवली. एकदा नाही, दोनदा. पण तो बचाव होता. चोराच्या घरातून आपली वस्तू परत आणणं म्हणजे चोरी नव्हे.

ह्यांच्या काठीच्या रबराला निळ्या पट्टीचा तुकडा चिकटला होता, तो काढून टाकला. पट्टीवालीचा मालही हलका. धड चिकटत नाही, आणि नको तिथे चिकटतो.

२० नोव्हेंबर, गुरुवार

मुलगा येऊन गेला. आत्यानं कान भरलेले दिसले. म्हणाला, दुपारी तिथे फार झळ येते, निदान जाड पडदा लाव. समुद्रासमोर राहायचं आणि त्यावर पडदा टाकायचा! मग म्हणाला, "आई, तू बाबांना विचारलंस का?" त्याच्यासमोर विचारलं. "अहो, तुम्हाला खिडकीशीच बसायचं आहे ना?" हे माझ्याकडे बघत राहिले आणि म्हणाले, असू दे. मी मुलाकडे पाहिलं. तो चहा अर्धा टाकून गेला.

सून फोनवर म्हणाली, आई, तुम्ही दमता. मी दमत नाही.

२३ नोव्हेंबर, रविवार

आज जे झालं ते लिहू नये असं वाटतं, म्हणजे लिहायलाच हवं.

मी स्वयंपाकघरात होते. रस्त्याकडच्या खोलीतून हसण्याचा आवाज आला, पुरुषाचा. क्षणभर कळेना कोण आलं आहे. जाऊन बघते तर हे. खिडकीशी खुर्ची, शेजारी स्टुलावर नणंदबाई, आणि खाली गॅरेजमध्ये कोणाच्या तरी गाडीचं इंजिन उघडं टाकलेलं. ते सुरू व्हायचं, गचके खाऊन बंद पडायचं. हे काठीनं जमिनीवर त्याचा ठेका धरत होते.

"वाक्य बोलला आज," नणंदबाई म्हणाल्या. "'टायमिंग चुकलंय' म्हणाला. आणि खालच्या मेकॅनिकनं तासाभरानं तेच सांगितलं गाडीवाल्याला."

हे वर्कशॉपमध्ये फोरमन होते. आयुष्य घणांच्या आवाजात गेलं. आता तरी शांतता मिळावी म्हणून मी जिवाचं रान करते आहे, आणि ही बाई त्यांना पुन्हा त्याच गोंगाटात नेऊन बसवते. लाच आहे ही. तीस तारीख जवळ आली, दुसरं काय.

झटक्यानंतर माझ्याशी हे कधी वाक्य बोललेले नाहीत. मी बोलायला वेळ देत नाही, असं एकदा फिजिओथेरपीवाली म्हणाली होती. ती आगाऊ होती. तिला मी बदललं.

तरी संध्याकाळी भाजी करपली.

२५ नोव्हेंबर, मंगळवार

झोप सोडून दुपारचा पहारा सुरू केला. ह्यांना खिडकीशी बसवून स्वतः शेजारी बसले. या वेळी इथे मी कधी बसतच नाही. लांब एक मालवाहू जहाज जवळजवळ थांबल्यासारखं सरकत होतं. दुर्बिणीतून पाहिलं तर डेकवर एक माणूस बादलीनं पाणी ओतत होता. तो दिसेनासा होईपर्यंत बघितलं. वसतिगृहात माझ्या खोलीची खिडकी धुण्याच्या दोऱ्यांवर उघडायची. सुट्टी लागून मुली गेल्या की दोऱ्यासुद्धा रिकाम्या. तेव्हा म्हणायचे, कधीतरी आपल्याला पाणी दिसेल असं घर असावं.

वळून बघते तर हे समुद्राकडे बघतच नव्हते. डोळ्यांवर हात धरून माझ्याकडे बघत होते. मी म्हटलं, समोर बघा की, जहाज आहे.

पहाऱ्यामुळे फुली जागची हलली नाही. म्हणजे चोर घरातलाच, हे सिद्ध झालं.

३० नोव्हेंबर, रविवार

क्रमानं लिहिते.

सकाळी फुली खिडकीशी होती. मी स्वतः नवीन पट्टीनं घट्ट लावली. दुपारी जेवण झाल्यावर नणंदबाईंनी पिशवी घेतली आणि चपला घातल्या. विचारलं तर म्हणाल्या, काम आहे. आजच्या दिवशी, या वेळी? नक्की वकिलाकडे. ह्यांना खिडकीशी बसवलं, हाताशी पाणी ठेवलं, दाराला बाहेरून कुलूप लावलं आणि मी त्यांच्या मागे निघाले.

त्या आधी चांभाराकडे गेल्या. मग कापडाच्या दुकानात. मी समोरच्या औषधाच्या दुकानात उभी राहून न लागणाऱ्या गोळ्यांचा भाव विचारत होते, तेवढ्यात त्या बाहेर आल्या आणि थेट माझ्यापुढे. "आलीच आहेस तर धर," म्हणाल्या आणि कापडाचा गठ्ठा माझ्या हातात दिला. जाड, गडद कापड होतं. पडद्याचं. परत येताना आम्ही एक शब्द बोललो नाही. गठ्ठा मात्र मीच उचलला.

दाराशी मुलगा आणि पट्टीवाली ताटकळत उभे. मी कुलूप काढलं.

समुद्राच्या खिडकीशी फुली नव्हती. खुर्चीही नव्हती. दोन्ही घराच्या दुसऱ्या टोकाला, रस्त्याकडच्या खिडकीखाली होती. फुली अशी की तिला फुली म्हणणं कठीण, नुसता गोळा, काठीनं दाबून दाबून बसवलेला. हे खुर्चीत घामाघूम बसले होते. सदऱ्याला, बाहीला निळे तुकडे चिकटलेले.

मी पट्टीवालीवर ओरडले, दुसरी किल्ली तुला कोणी दिली? ती म्हणाली, काकू, मी आत्ता तुमच्याबरोबर आत आले. नणंदबाई माझ्याबरोबर होत्या. मुलगा दारात होता. तर्कशास्त्राचा नियम असा की एकेक शक्यता काढून टाकत गेलं की जी उरते ती मान्य करावी लागते. मी तरीही दाराच्या कडीकडे बघत होते.

पट्टीवाली पुन्हा उकिडवी बसली. "काका, फुली कोणी हलवली?"

मी तोंड उघडलं होतं. नणंदबाईंनी माझ्या दंडावर हात ठेवला. चांगलाच रुतेल असा. सगळे थांबलो. गॅरेजमध्ये कोणीतरी पाना टाकल्याचा आवाज आला. खूप वेळ गेला.

"मी," हे म्हणाले.

मग डावा हात डोळ्यांवर धरला. "ऊन." पुन्हा वेळ गेला. "रोज."

मी म्हटलं, अहो, मग सांगायचं नाही का? मुलगा खिडकीबाहेर बघायला लागला. नणंदबाई कधी नव्हे त्या गप्प होत्या, आणि त्यांनी बोलावं असं मला पहिल्यांदा वाटलं.

ह्यांनी काठी उचलून घराच्या त्या टोकाकडे, पाण्याकडे दाखवली, आणि मग माझ्याकडे. "तुझं," म्हणाले. "ते. तुला... हवं."

मुलगा म्हणाला, आई, तुझी इच्छा असेल तर पुन्हा विचार करू. मी घड्याळाकडे पाहिलं. पाच वाजून गेले होते. नियम माझा होता. म्हटलं, फुली आहे तिथे आहे, काम सुरू करा. नणंदबाई म्हणाल्या, "एवढी हटून बसू नकोस." मी म्हटलं, समुद्र मिळाला ना, आता शहाणपण नको.

रस्त्याच्या आवाजानं ह्यांचं डोकं उठेल आणि महिन्याभरात परत चला म्हणतील, असं माझं मत आहे. ते लिहून ठेवते.

८ जानेवारी, गुरुवार

इतके दिवस धूळ. सुतारांची करवत इकडे, गॅरेजची ठोकाठोक तिकडे. ह्यांना दोन्ही चालतं. ह्यांच्या हाताच्या उंचीला खिडकीशी फळी बसवली आहे, वर्तमानपत्र आणि चहा राहील अशी. मेकॅनिक खालून हात करतो. हे काठी वर करतात.

अजून परत चला म्हणालेले नाहीत.

२७ जानेवारी, मंगळवार

आज ताबा. पुढे वाद नको म्हणून काय कोणाला दिलं ते लिहिते.

नणंदबाईंना समुद्राकडचा भाग दिला, बाल्कनीसकट. तिकडच्या बाहेरच्या दाराच्या दोन्ही किल्ल्या दिल्या. खिडकीची कडी वाऱ्यानं सुटते, ती कशी अडकवायची हे दाखवलं. त्यांना दोनदा जमली नाही. हसले नाही. गजांना रंग द्यायची आठवण करून दिली. पडद्याचं ते कापड त्यांनी स्वतःसाठी आणलंच नव्हतं, ते ह्यांच्या खिडकीसाठी होतं. पण ह्यांना आता लागत नाही, म्हणून तेही त्यांना परत केलं. त्यांनी घेतलं आणि म्हणाल्या, "मधल्या दाराला मी आतून कडी लावत नाही. दुपारी मी झोपते. आलीस तर भांडी आपटतेस तसं दार आपटू नकोस."

मी म्हटलं, मला तिकडे काय काम आहे?

त्यांच्या बाजूला द्यायच्या सामानात मी दुर्बीणही ठेवली होती. रस्त्याकडे जहाजं येत नाहीत. ह्यांनी खुर्ची पायानं ढकलत आणली, ढिगातून ती डाव्या हातानं ओढून काढली, पट्टा जमिनीवर घसटत माझ्यापुढे धरली. "घे," म्हणाले. मी म्हटलं, ही तुमची. हात तसाच पुढे राहिला. घ्यावी लागली.

शेवटी पट्टीवाली आली, जमिनीवर उरलेल्या पट्ट्या खरवडायला. निळं भेंडोळं तिनं माझ्याकडे दिलं. म्हणाली, काकू, सगळ्यांच्या फुल्या लागल्या, तुमची राहिली. मी म्हटलं, काम संपलं, आता काय करू? ती झोळी उचलून निघाली.

भेंडोळ्यात एका फुलीपुरती पट्टी आहे. उलगडून पाहिली.